महासंगणकावर पहिला दिवस

"कवळी असेल तर काढून ठेवा," प्रशिक्षक बोबडे म्हणाले आणि त्यांनी नव्या संशोधकांना महासंगणकाच्या दालनातल्या मॅटवर उतरवलं. महासंगणकाचा वेळ मागणारे अर्ज यंत्रंच लिहायला लागल्यापासून प्रत्येकाची गरज सारखीच निकडीची दिसायची. मार मात्र खोटा खाता येत नव्हता. म्हणून जो जिंकेल, त्याचं काम आधी.

मृदुलासमोर धुमाळसर आले. साठी उलटलेले, वादळांचा अंदाज बांधणारे. बोबडे सकाळी यंत्राचे नियम समजावत होते, तेव्हा ती धुमाळांचं बारीक मनगट हेरत बसली होती. घरी तिचा मुलगा ज्या तापाने फणफणला होता, त्याचं औषध तिच्या गणितात अडकलं होतं. तिने मनगट धरून पिरगळलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"वेळ किती मागितलायस?" धुमाळांनी कण्हत विचारलं.

"तासभर. कमी मागितला की लढतीला नंबर लवकर लागतो."

"पुरणार नाही. वेळ संपला की यंत्र काम मधेच तोडतं. वाढवून घे, पोरी."

हा म्हाताऱ्याचा डाव असणार, असं वाटून तिने त्यांच्या तोंडावर गुडघा हाणला.

ती जिंकली, तिचं काम यंत्रावर चढलं आणि तासाभराने पडद्यावर अक्षरं उमटली. वेळ संपला, काम रद्द. हाती काहीच उरलं नव्हतं.

"पुढचे, धुमाळ," बोबड्यांनी पुकारलं.

मोडका हात छातीशी धरून धुमाळ यंत्राकडे निघाले. मृदुला त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"माफ करा, सर," ती म्हणाली आणि तिने त्यांचा दुसरा हात धरला.