हातानं दिलेला रंग

“ही भिंत राखाडी कुणी केली?” तिनं स्क्रीनवर बोट आपटलं.

“काय?” दिराला ऐकूच गेलं नाही. खालच्या मजल्यावर सकाळपासून ठोकाठोक चालली होती.

ती उठली आणि खिडकी धाडकन लावून आली. “भिंत! राखाडी! आपल्या नकाशात राखाडी म्हणजे पाडायची, लाल म्हणजे हात लावायचा नाही. हिच्यावर वरचा अख्खा मजला उभा आहे.”

“मग सॉफ्टवेअरच बिघडलं असेल, वहिनी. भार घेणाऱ्या भिंती आपोआप लाल होतात. नियम तुम्हीच लावलाय ना?”

“आणि नियमाच्या वर काय असतं, भावोजी?”

तो स्क्रीनकडे वाकला.

“सरसकट सगळ्या भिंतींचा रंग सगळ्यांत खाली. त्यावर नियमाचा. आणि एखाद्या भिंतीला हातानं दिलेला रंग सगळ्यांच्या डोक्यावर. तो दिला की नियम गेला खड्ड्यात. कुणी दिला?”

“गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. लाल फार भडक दिसत होता.”

“भडक दिसायलाच असतो तो!”

टेबलावरची पेन्सिल घरंगळून खाली पडली. तिनं ती उचलून कपाशेजारी आदळली. “टेबलसुद्धा वाकडं! कंत्राटदारानं स्वस्तात ऑफिस मिळवून दिलं म्हणून आलात इथे नाचत.”

“परवाच तर आलोय. बसेल सगळं जागेवर.”

“हे काम कुठलं आहे?”

“असेल कुठलं तरी दुकान. मापं कंत्राटदारानंच पाठवली होती.”

“म्हणजे जागा न पाहता नकाशा काढलात? कानीकपाळी ओरडून घसा बसला माझा! प्रिंट कुठंय?”

“काल नेली त्यानं.”

मग तिनं फोन उचलला.

“उचलेल तर शपथ,” दीर म्हणाला. “त्याच्या फोनमधला तो कोंबडा कोकलत राहतो आणि हा आपला ढिम्म.” तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला.

पेन्सिल पुन्हा घरंगळली. कपातला चहा एका कडेला चढला होता. तिनं नंबर लावला.

खालची ठोकाठोक थांबली.

त्यांच्या पायाखाली कोंबडा आरवला.