बोलून झालेलं नाही

चहात साखर टाकलीस की नुसती दाखवलीस, हे आईनं एवढ्या मोठ्यानं विचारलं की शेजारची खिडकी धाडकन बंद झाली. लेक हसली. उभी हयात मागाच्या कारखान्यात गेलेल्या बाईला हळू बोलणं कुठून जमणार? तिथल्या खडखडाटात माणसाचा आवाज पोहोचायचाच नाही. म्हणून बायका कामावर आवाजाशिवाय बोलायच्या, ओठ ठळक हलवून, आणि घरी आल्या की ओरडायच्या. लहानपणी डबा घेऊन जाता-येता लेक ते ओठ वाचायला शिकली होती. भाऊ कधी तिकडे फिरकला नाही.

तो दोघींचा शेवटचा साधा दिवस. दुसऱ्या दिवशी आई मोरीत घसरली.

वॉर्डातही ती तशीच बोलली. पाणी मागितलं, डॉक्टरांना त्यांचं गाव विचारलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, घोरतेस फार. लोक कुरकुरू लागले. भाऊ म्हणाला, हिला जरा शांत करा. नर्स म्हणाली, करते. डॉक्टर म्हणाले, करायलाच हवं. कर्ते बदलत गेले, कर्म तेवढं आईच राहिलं. ही हिची रोजचीच पट्टी आहे, हे लेकीनं सांगून पाहिलं.

“ताई, तू मध्ये पडू नकोस,” भाऊ म्हणाला.

सुई टोचली. थोड्या वेळानं आईचा आवाज गेला. ओठ मात्र हलत राहिले. लेक वाकून बघत होती. मग तेही थांबले. आई पुन्हा जागी झाली नाही.

भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलं होतं. भाऊ दबक्या आवाजात सांगत होता, तडफड अशी काही झालीच नाही, शेवटी ओठांवर देवाचं नाव होतं. माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, पुण्यवान बाई. लेक जोरजोरानं नकारार्थी मान हलवू लागली. भावजयीनं पाण्याचा पेला आणि एक गोळी पुढे केली.

“घ्या वन्सं. जरा शांत वाटेल.”

लेकीनं गोळी बशीत परत ठेवली. उभी राहिली. आणि शेजारच्या खिडकीपर्यंत पोहोचेल अशा, थेट आईच्या आवाजात म्हणाली,

“देवाचं नाव नव्हतं ते. आई म्हणत होती, मला झोपवू नका. माझं बोलून झालेलं नाही.”