सौंसरची स्वच्छ वीज

यंत्राला जात नसते, गाव नसते, सासर तर मुळीच नसते. त्याच्यापुढे सगळे सारखे. श्रीधर मास्तरांचं हे मत पक्कं होतं. अडचण एवढीच होती की त्यांचा व्हिडिओ गेम पांढुर्ण्यात त्यांना रोज हरवायचा आणि सौंसरला, सासरी, दरवेळी जिंकवायचा.

गेम म्हणजे पंच्याऐंशी साली मुंबईहून मागवलेली काळी पेटी. तिच्यातून निघालेल्या दोन वायरींच्या टोकांना रेडिओसारखी फिरवायची दोन बटणं. टीव्हीला जोडली की पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या आणि एक पांढरा ठिपका. बटण फिरवून पट्टी वरखाली करायची, ठिपका अडवायचा. अडला की पेटी ‘टक’ म्हणे. सुटला की समोरच्याला गुण.

पांढुर्ण्यात मास्तर बायकोकडून, विजयाकडून हरत. शेजारच्या, पोस्टातल्या अनिलकडून हरत. एकदा दूध घालायला आलेल्या देवकाबाईंनी ‘हे काय व्हय’ म्हणत बटण धरलं, आणि त्याही जिंकल्या.

सौंसरला मात्र सासऱ्यांशी, बापूजींशी, ते एकदाही हरले नव्हते. पेटी तीच, वायरी त्याच, मास्तरही तेच.

मास्तरांना यंत्रांचा नाद जुना. त्यांनी गावातले कितीतरी रेडिओ उघडले होते आणि त्यातले काही नंतर वाजलेही होते. त्यांनी घरचं व्होल्टेज मोजलं, अँटेना नागपूरकडून जराशी फिरवून पाहिली, टीव्हीखाली रबर घातलं. हार कायम. शेवटी उरलं ते एकच कारण : सौंसरची वीज जास्त स्वच्छ असली पाहिजे.

“वीज नाही मास्तर, मान हाय तो,” अनिल म्हणाला. “जवायाले सासरी कोन हरवते? बापूजी सोडून देऊन राहिले तुमाले.”

मास्तरांनी विजयाला विचारलं. तिने भाजी निवडता निवडता सांगितलं की बाबांनी तिला लहानपणी सापशिडीतसुद्धा कधी सोडलं नाही. यावर मास्तरांचा गोंधळ वाढला.

मग पैज ठरली. अनिलसमोर एक सामना, बापूजींनी शपथ घेऊन खेळायचा. मास्तर हरले तर पेटी अनिलची. जिंकले तर पोस्टाच्या खिडकीशी येईल त्याला अनिलने सांगायचं, की मास्तर खरे खेळाडू आहेत. पेटीपेक्षा मास्तरांना या दुसऱ्या गोष्टीची ओढ जास्त होती.

रविवारी दोघे सौंसरला पोचले. अनिल पुढे, मास्तर मागे पेटी सांभाळत. बापूजींनी उठून अनिलचे दोन्ही हात धरले. “या जवाईबापू, उशीर केला.” अनिलला सौंसरचा पाहुणचार फार आवडला. आलेला प्रत्येक माणूस इथे जावईच.

ओसरीवर संत्र्याचा व्यापारी बसला होता. बापूजींनी फळाकडे पाहिलंही नाही; दाबलं, हुंगलं आणि भाव सांगितला. व्यापाऱ्याने मान डोलावली. मग सुनेने, वत्सलाने, नेहमीप्रमाणे पेपर वाचून दाखवला. जुन्या माणसांचा थाट असतो.

“असा मुरलेला मानूस तुमच्याकडून हरते?” अनिल कुजबुजला. “पेटी बांधूनच ठेवा मास्तर. मी घेऊन जाईन.”

मास्तरांनी पेटी जोडली आणि बापूजींपुढे हात जोडले.

“बापूजी, आज माझा मान ठेवू नका. जामसावळीच्या मारुतीची शपथ घ्या. पूर्ण जोर लावून खेळा.”

 बापूजी हातातला कप ठेवायला बशी चाचपत राहिले. म्हातारा पेचात सापडला, असं अनिलला वाटलं. मास्तरांनाही तसंच वाटलं.

“शपथ,” शेवटी बापूजी म्हणाले. “पन मी दरवेळी जीव तोडूनच खेळतो, जवाईबापू.”

सामना सुरू झाला. बापूजी पुढे सरकले, कान टीव्हीकडे, दात ओठांवर. प्रत्येक ‘टक’ला बटण असं फिरवत की मनगटाची शीर तटतटे. अनिलने ठिपका सोडून त्यांच्या बोटांवरच नजर ठेवली. ढोंग कुठे सापडेना. पंधरा-दोन असे मास्तर जिंकले तेव्हा बापूजींचा सदरा पाठीला चिकटला होता.

“लय अवघड हाय बाप्पा तुमचा हात,” ते म्हणाले. “कुठून मारता, काही समजतच नाही.”

एवढा घाम खोटा नसतो, हे अनिलने मान्य केलं.

त्याने शब्दही पाळला. पोस्टकार्ड घेणाऱ्या निम्म्या पांढुर्ण्याला बातमी कळली. पण घरी मास्तर विजयाकडून हरतच राहिले, आणि आता तर शंकेला जागाच नव्हती. दोष पांढुर्ण्याच्या विजेचा. त्यांनी सौंसरला बदली मागितली. तिकडे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. ती लगेच मिळाली.

दिवाळीनंतर ते बिऱ्हाड आणि पेटी घेऊन सौंसरला राहायला आले. त्याच आठवड्यात नागपूरहून मोतीबिंदू काढून आलेल्या बापूजींच्या डोळ्यांवरची हिरवी पट्टी सुटली. संध्याकाळी मास्तरांनी पेटी जोडली. बापूजी टीव्हीजवळ वाकले, थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “जवाईबापू, हा पांढरा ठिपका नवीन लावला का?”