खालची सही

पडल्यावर तिसऱ्या दिवशी साहेब बायकोच्या ऑफिसात कामाला आले. पडले म्हणजे निवडणुकीत. तब्येत ठणठणीत होती, आणि खरं सांगायचं तर अठरा वर्षांनी त्यांना फोन न वाजता सकाळी आठपर्यंत झोप लागली होती.

ऑफिस मुळात त्यांचंच. पण ते आधी आमदार आणि मग मंत्री म्हणून हिंडत राहिले, अन् वकिली चालवली बायकोनं. आता मोठ्या खुर्चीत ती बसत होती. साहेब घटकाभर त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले, मग गुपचूप अशिलांच्या बाकावर टेकले.

"अहो, तिथं नाही. त्या स्टुलावर बसा. ज्युनिअरची जागा ती."

"पगार किती?"

"आधी काम तर बघू. पहिल्या अशिलाशी तुम्ही बोलायचं, मी नुसती ऐकणार. जमलं तर वकीलपत्रावर माझ्या नावाखाली तुमचं नाव. नाही जमलं तर घरी बसा आणि आठवणी लिहा."

साहेब उठून स्टुलावर जाऊन बसले. भर सभागृहात विरोधकांनी कागद भिरकावले तेव्हाही त्यांना एवढी धास्ती वाटली नव्हती. ते नाव त्यांना हवं होतं, अगदी मनापासून. घरी बसून आठवणी लिहायची कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

पहिल्या अशील म्हणजे शिलाईचं दुकान चालवणाऱ्या मावशी. काल कागद ठेवून गेल्या होत्या, आज गळ्यात टेप तसाच घेऊन आल्या होत्या. भाड्याच्या जागेत तीस वर्षांचं त्यांचं दुकान; मालकानं जागा खाली करून मागायचा दावा लावला होता. मावशींनी सांगायला तोंड उघडलं मात्र, साहेबांचा हात आपसूक वर गेला.

"मावशी, काळजी सोडा. काम झालंच म्हणून समजा."

बायकोनं कपाळाला हात लावला. वकिलानं निकाल आधीच देऊन टाकायचा नसतो, हे अगदी नवख्यालाही कळतं.

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला.

"तीन वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतात, साहेब. तुमच्या बंगल्यावर. मालक तेव्हापासूनच जागा सोडा म्हणतोय. हा बघा माझा अर्ज."

अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात तिरकं लिहिलं होतं, 'तात्काळ कार्यवाही व्हावी.' त्याखाली अर्धं पान व्यापणारी सही, नुसता गुंता.

"मग पुढं काय झालं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"काय व्हायचंय? हा कागद घेऊन सात टेबलं हिंडले. सही बघून सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. काम तेवढं कुणी केलं नाही."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सभागृहात अशा वेळी ते आवाज चढवायचे. इथं चढवायचा कुणावर? त्यांनी निमूट चष्मा लावला आणि दाव्याचे कागद वाचायला घेतले. एक पान झालं, दुसरं झालं. मग त्यांचं बोट एका तारखेवर थांबलं, दोन पानं मागं गेलं, पुन्हा तिथंच आलं.

"अगं, हे बघितलंस? नोटीस पंधरा दिवसांची दिली, आणि दावा ठोकला बाराव्या दिवशी! एवढी कसली घाई झाली होती यांना?"

"कालच बघितलंय मी," बायको हसली. "तुम्हाला सापडतंय का, तेवढंच बघत होते."

साहेब स्टुलावर असे खुलले की काय सांगावं! शपथविधीच्या फोटोतसुद्धा त्यांचा चेहरा इतका आनंदी नाही.

"म्हणजे माझं दुकान राहील ना?" मावशींनी विचारलं.

साहेबांचा हात पुन्हा उठला, पण अर्ध्यातच थांबला. त्यांनी तो खाली घेतला.

"ते कोर्ट ठरवेल, मावशी. मुद्दा चांगला आहे आपला. आणि प्रत्येक तारखेला मी तिथं उभा असेन, एवढं मात्र नक्की."

बायकोनं वकीलपत्र ओढलं, आपल्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. साहेबांनी पेन उचललं ते थेट वरच्या कोपऱ्यात टेकवलं, तिरकं.

"अहो, खाली! वकिलाची सही खाली असते."

"सवय गं," साहेब ओशाळून म्हणाले, आणि खालच्या चिंचोळ्या रेघेवर त्यांनी एकेक अक्षर जपून काढत सही केली.

मावशींनी जुना अर्ज वकीलपत्राशेजारी ठेवला. शिवण तपासावी तशा दोन्ही सह्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या.

"ही बारीक आहे," त्या म्हणाल्या, "पण वाचता येतेय."