पायाची खूण

टीव्हीवाल्यांनी खेळ उभ्यानं करायला सांगितला होता, आणि तेवढी एकच गोष्ट व्यंकटला जमण्यासारखी नव्हती.

रेडिओवर चौदा वर्षं तो आणि भीमण्णा बसूनच बोलले. गुलबर्ग्याच्या त्या बंद खोलीत एक टेबल, वर एक माईक, समोरासमोर दोन खुर्च्या. काचेपलीकडून साहेब बोट दाखवायचा, लाल दिवा लागायचा आणि व्यंकट ओरडायचा, "भिम्या, तुझी म्हैस दूध देती का न्हाई?"

"देती की येंकू! पर वळख बघून देती!"

दर आठवड्याची सुरुवात हीच. भालकीच्या बाजारात भाजीवाल्या बायकासुद्धा दोघांना बघितलं की म्हशीची चौकशी करायच्या. पुढची दहा मिनिटं मग ते असे भांडायचे की ऐकणाऱ्यानं पोट धरून हसावं.

गेली तीन वर्षं व्यंकटला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

कानाची नस मेली, इलाज नाही, असं बीदरच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं होतं. बायको राजूबाई सोडून ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी तो ओठ बघून भागवायचा आणि रेडिओवर भीमण्णाच्या एका खोडीवर. आपलं वाक्य संपलं की टेबलाखाली समोरच्याचा पाय दाबायची भीमण्णाला खोड होती. कधी लागली कोण जाणे, पण तीच व्यंकटला तारत होती. वाक्यं तोंडपाठ असायची; पाय दाबला गेला की आपली पाळी. भीमण्णाला एकट्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून व्यंकटही आपलं वाक्य संपलं की त्याचा पाय दाबायचा.

मित्राला फसवतोय, हे त्याला रोज टोचायचं. भीमण्णा साध्या जिवाचा माणूस. तुम्ही बोलायला लागलात की तुमच्या तोंडाकडं टक लावून बघणार, मध्ये शब्द टाकणार नाही. इतकं मन लावून ऐकणारा उभ्या तालुक्यात सापडला नसता. दोघांची जोडी जमली ती हुमनाबादच्या हमरस्त्याला खडी लागायची त्या खाणीवर. सुरुंग पेटवायचा, पळत येऊन एकाच खड्ड्यात पालथं पडायचं, आणि भीती वाटू नये म्हणून एकमेकांना हसवायचं.

आता ढाब्याढाब्यावर टीव्ही आला होता. दिवाळीपासून रेडिओवरची ती दहा मिनिटं बंद, असं पत्र आलं. टीव्हीच्या चाचणीत निवडले गेले तरच जोडी टिकणार होती.

"भीमण्णा, आपण धोतर पिळू," भीमण्णाच्या अंगणात व्यंकट म्हणाला. "दोघं दोन टोकं धरू अन् पिळत पिळत भांडू. ज्याचं बोलणं संपलं त्यानं हिसका द्यायचा. लोक हसतेत बग."

भीमण्णानं नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याचे डोळे एकदम भरून आले.

"रडायलास कामून?"

"न्हाई, न्हाई. झकास हाय," भीमण्णा तोंड भरून, सावकाश म्हणाला. "माझ्या मनातलंच बोललास."

आठ दिवस त्यांनी धोतर पिळलं. हिसक्यावर वाक्य, वाक्यावर हिसका. कुठं अडलं नाही.

"अन् तिथं फसलं तर?" निघताना राजूबाईनं विचारलं.

"तर त्याला खरं सांगतो. तो दुसरा जोडीदार बघल. माझ्यापायी त्यानं कामून बुडायचं?"

टीव्ही केंद्रात फळ्यांचा एक ओटा होता आणि समोर कॅमेरा. तिथल्या साहेबांच्या मिशा इतक्या झुबकेदार की ओठ दिसेनात. ते काहीतरी म्हणाले. व्यंकटनं भीमण्णाकडं बघितलं, भीमण्णानं व्यंकटकडं. दोघंही हसून "व्हय साहेब" म्हणाले.

तेवढ्यात कॅमेरावाला ओट्यावर आला. त्यानं धोतराकडं बोट केलं, मग दिव्याकडं, आणि डोळ्यांवर हात धरून दाखवला. पांढरं कापड कॅमेऱ्यात चमकत होतं. त्यानं धोतर काढून घेतलं, गुंडाळलं आणि खुर्चीवर ठेवून दिलं. व्यंकटचे हात तसेच पुढं राहिले.

दोघांना खडूच्या दोन खुणांवर उभं केलं गेलं. मध्ये सहा हातांचं अंतर. मोठा दिवा व्यंकटच्या पाठीशी होता, त्यामुळं भीमण्णाचं तोंड लख्ख दिसत होतं. तेवढ्यानं व्यंकटला धीर आला. ओठ बघून निभावू. भीमण्णा मात्र समोरच्या उजेडात कपाळाला हात लावून डोळे बारीक करत होता.

लाल दिवा लागला.

"भिम्या, तुझी म्हैस दूध देती का न्हाई?" व्यंकट ओरडला. सवयीनं पाय उचलला गेला, तो त्यानं हवेतच आवरला. इथं दाबायला कुणाचा पाय होता?

भीमण्णाचे ओठ हलले नाहीत.

चौदा वर्षांत हे वाक्य तो एकदाही विसरला नव्हता. का बोलून झालं त्याचं? आपलीच नजर चुकली? साहेबांनी घड्याळ बघितलं. कॅमेरावाल्यानं मान हलवली. भीमण्णा डोळे किलकिले करून नुसता बघत राहिला.

व्यंकटचा धीर सुटला. आपलं तर संपलंच होतं, निदान हा तरी वाचावा.

"भीमण्णा," तो सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई रं. तीन वर्षं झाली. तुला फसवलं म्या. साहेब, चूक माझी हाय, याला तेवढं ठेवून घ्या. भीमण्णा, तू दुसरा जोडीदार बग."

साहेब खुर्चीतून उठले. कॅमेरावाला कॅमेरा सोडून बघायला लागला. बोलणं संपल्या संपल्या, सवयीनं, व्यंकटचा पाय फळ्यांवर दाणकन पडला.

ओटा भीमण्णाच्या पायाखालपर्यंत हादरला.

भीमण्णाचा चेहरा एकदम उजळला. खाणीवरच्या त्या जुन्या आवाजात, हात उंच करून, तो झोकात ओरडला, "देती की येंकू! पर वळख बघून देती!"