ऑक्सिजनचा दुसरा हात

“मॅग्नेशियम ऑक्साइड,” रुग्णालयाच्या औषधभांडाराचे प्रमुख म्हणाले.

वॉर्डातल्या मावशींनी खडू उचलला. आधी Mg₂O₂ लिहिलं, मग दोन्ही आकडे बोटाने पुसून टाकले. फळ्यावर MgO उरलं.

“दोन का पुसलेत?”

“दोघांनाही दोन-दोन हात, साहेब. एकाला एक पुरतो.”

लेकीने महिनाभर असंच शिकवलं होतं, रोज भांडी घासता घासता. प्रत्येक अणूला ठरावीक हात, एकही मोकळा ठेवायचा नाही. आणि शेवटी दटावणी: “समान आकडे दिसले की कापायचेच, आई. तिथे डोकं चालवू नकोस.”

भांडारात मदतनिसाची जागा एकच होती. विशीतले पाच जण सकाळीच परीक्षा देऊन गेले होते. मावशी सहाव्या, आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या.

“शेवटचं. हायड्रोजन पेरॉक्साइड.”

मावशींना हसूच आलं. वीस वर्षं जखमा धुवायला त्याच तपकिरी बाटल्या त्यांनी वॉर्डात नेल्या होत्या. H₂O₂ लिहून त्यांनी हात झटकले.

“कापा की,” प्रमुख म्हणाले. “मघाशी कापलेत ना?”

बोट फळ्यावरच्या दोनवर जाऊन टेकलं. तिथेच थांबलं. मावशींनी ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि बोट मागे घेतलं.

“नाही कापणार.”

“बाटलीवर तसं छापलंय म्हणून?”

“छापणारा चुकला असता, तरी नसतं कापलं.” त्यांनी दोन ऑक्सिजन शेजारी शेजारी काढले, मध्ये एक रेघ ओढली. “कापलं तर एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन उरतो. हायड्रोजनला हात एकच. मग ऑक्सिजनचा दुसरा हात कुणी धरायचा? तो मोकळा राहिला तर हे बाटलीत स्वस्थ बसेल का, साहेब? म्हणून हे दोघे एकमेकांना धरून आहेत. बाहेरच्या हातांत एकेक हायड्रोजन.”

प्रमुखांनी फळ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

“सकाळी पाचही जणांनी कापलं,” ते म्हणाले. “सोमवारी नऊला या. वॉर्डात सांगून ठेवा, आता तुम्ही इकडच्या.”

बाहेर लेक दप्तर पोटाशी धरून उभी होती. “शेवटचं काय आलं?”

“पेरॉक्साइड.”

“दोन-दोन कापलेस ना?”

“नाही.”

लेकीचा चेहरा पडला. “अगं आई, इतक्यांदा सांगितलं होतं तुला...”

“सोमवारपासून भांडारात आहे मी.” मावशी बाकावर टेकल्या. शेजारची जागा त्यांनी पदराने झाडली. “बस इथे. आणि पेन्सिल काढ.”