अठरा ओळींचा प्रोग्राम

बोट बुडून तीन दिवस झाले होते. वाचलेल्या नऊशे जणांची यादी निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी चारदा वाचली, पण त्यांच्या मुलीचे नाव सापडेना. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, तेव्हा त्यांनी आयुष्यातला पहिला जावास्क्रिप्ट प्रोग्राम लिहिला. यादीतले प्रत्येक नाव मुलीच्या नावाशी ताडून पाहायचे, एवढेच त्याचे काम.

पहिल्याच फटक्यात चूक उमटली: मुलीच्या नावाच्या चलाची व्याख्या नाही.

"मामा, नावाला अवतरणचिन्हं घाला," भाचा फोनवर म्हणाला. "नाहीतर कॉम्प्युटर त्याला चल, म्हणजे माहिती ठेवायचा रिकामा डबा समजतो. सगळे नवशिके इथंच आपटतात."

मास्तरांनी चिन्हे घातली.

ओळ एकोणीस: 'बाबा' या चलाची व्याख्या नाही.

"बाबा कुठं लिहिलंत, मामा?"

"कुठंच नाही रे. आणि ओळी अठराच आहेत."

"पुन्हा मोजा," भाचा म्हणाला. मास्तरांनी पेन्सिलीचे टोक टेकवत एकेक ओळ मोजली. अठराच. देवाचे नाव घेऊन त्यांनी प्रोग्राम पुन्हा चालवला.

ओळ वीस: 'आई' या चलाची व्याख्या नाही.

स्वयंपाकघरात भांडे खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि तीन दिवस अवाक्षरही न बोललेली त्यांची पत्नी लगबगीने म्हणाली,

"आले गं, आले!"